खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जमिनीखाली कसे तयार होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीव मेले, गाळाखाली गाडले गेले आणि लाखो वर्षांच्या दाबाने व उष्णतेने त्यांचे तेल झाले, हे आपण शाळेत शिकतो. ते चूक नाही. पण त्यावरून वाटते की गाडले जाणे आणि काळ लोटणे एवढे झाले की तेल होणारच. प्रत्यक्षात गाळात पडलेल्या सेंद्रिय पदार्थापैकी जवळजवळ कशाचेच तेल होत नाही. प्रत्येक पायरीवर बहुतांश पदार्थ वाया जातो, आणि या पायऱ्या ठरावीक क्रमानेच घडाव्या लागतात. माझ्या मते हा क्रम समजला की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तेल डायनासोरांपासून बनले आहे का?

नाही. तेलाचा कच्चा माल म्हणजे प्रामुख्याने सूक्ष्म शैवले, प्लवक आणि जिवाणू. डोळ्यांना न दिसणारे हे जीव समुद्राच्या आणि मोठ्या सरोवरांच्या वरच्या थरात अफाट संख्येने वाढतात, मरतात आणि तळाशी बसतात. त्यांच्या तुलनेत मोठ्या प्राण्यांचे एकूण वस्तुमान नगण्य असते. शिवाय जमिनीवर मेलेला प्राणी बहुधा उघड्यावरच कुजतो किंवा खाल्ला जातो.

हा गैरसमज काळाच्या जुळणीतून आला असावा. जगातल्या तेलाचा मोठा हिस्सा जुरासिक आणि क्रिटेशस काळातल्या खडकांतून आला आहे. हा काळ सुमारे २० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हा जमिनीवर डायनासोर होते.

मग ते सजीवांपासूनच बनले, हे कशावरून?

याचा भक्कम पुरावा १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी दिला. कच्च्या तेलात त्यांना पॉर्फिरिन नावाचे रेणू सापडले. त्यांची चौकट वनस्पतींमधल्या हरितद्रव्याच्या चौकटीशी जुळते, फक्त मधल्या मॅग्नेशियमच्या जागी व्हॅनेडियम किंवा निकेल आलेले असते. असा रेणू योगायोगाने तयार होणे जवळजवळ अशक्य आहे.

पुढे असे अनेक जैवखुणा-रेणू ओळखले गेले. जिवाणूंच्या पेशीआवरणातल्या रेणूंपासून होपेन तयार होतात, तर शैवलांमधल्या स्टेरॉलपासून स्टेरेन. कोट्यवधी वर्षांनीही त्यांचा सांगाडा ओळखू येतो. एखाद्या विहिरीतल्या तेलातले हे रेणू जवळपासच्या काळ्या शेल (बारीक चिखल घट्ट होऊन झालेल्या) खडकातल्या रेणूंशी ताडून पाहिले की ते तेल नेमक्या कोणत्या थरातून आले ते सांगता येते. समुद्रात तेलगळती झाली तर ती कोणत्या तेलाची, हेही याच पद्धतीने शोधतात.

प्रत्येक समुद्रात जीव मरतात. मग प्रत्येक समुद्राच्या तळाखाली तेल का नाही?

कारण ऑक्सिजन. बहुतेक समुद्रांत पाणी तळापर्यंत फिरते, त्याबरोबर ऑक्सिजन जातो आणि खाली पडणारा सेंद्रिय पदार्थ वाटेतच खाल्ला जातो किंवा कुजतो. साधारणपणे एक टक्क्याहूनही कमी भाग गाळात टिकतो.

तो जास्त टिकायचा तर तळाशी ऑक्सिजन नसलेले पाणी हवे. काळा समुद्र हे आजचे उत्तम उदाहरण आहे. तिथे १५० ते २०० मीटरखाली पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, हायड्रोजन सल्फाइड मात्र आहे. पेरूच्या किनाऱ्यासारख्या भागात परिस्थिती वेगळी, पण परिणाम तोच. खोलवरून पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, प्लवक प्रचंड वाढते आणि ते कुजवण्यातच पाण्यातला ऑक्सिजन संपतो.

भूतकाळात तर असे प्रसंग महासागरभर पसरले होते. क्रिटेशस काळात, सुमारे ९.४ कोटी वर्षांपूर्वी, महासागरांच्या मोठ्या भागात ऑक्सिजन इतका घटला की जगात अनेक ठिकाणी एकाच वयाचे काळ्या शेलचे थर सापडतात.

गाळ पडण्याचा वेगही महत्त्वाचा आहे. फार सावकाश पडला तर पदार्थ उघडा राहून कुजतो. फार वेगाने पडला तर माती-वाळूच्या भरीत तो विरळ होऊन जातो. ज्या खडकात एक-दोन टक्के किंवा त्याहून जास्त सेंद्रिय कार्बन उरतो, त्यालाच भूवैज्ञानिक चांगला स्रोत खडक मानतात. तेलाची सुरुवात झालेला खडक बहुधा ९० टक्क्यांहून जास्त साधी मातीच असतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

गाडला गेलेला पदार्थ थेट तेल होतो का?

नाही, मध्ये एक महत्त्वाचा टप्पा आहे. पहिल्या काहीशे मीटरांत सूक्ष्मजीव सोपे खाद्य संपवतात. उरलेले रेणू एकमेकांत गुंतून एक घन पदार्थ बनतो, जो नेहमीच्या द्रावकांत विरघळत नाही. त्याला केरोजेन म्हणतात. पृथ्वीच्या कवचातला सेंद्रिय कार्बन बहुतांशी याच रूपात आहे. त्यापुढे सगळे तेलसाठे एकत्र केले तरी किरकोळ ठरतात.

केरोजेन कशापासून बनले, यावर पुढे काय मिळणार ते ठरते. सरोवरातल्या शैवलांपासून आणि समुद्रातल्या प्लवकापासून बनलेल्या केरोजेनमध्ये हायड्रोजन भरपूर असतो, त्यातून तेल निघते. जमिनीवरच्या वनस्पतींच्या लाकडी भागांत हायड्रोजन कमी असतो, त्यातून मुख्यतः वायू मिळतो. अशाच वनस्पती दलदलीत जाड थरांनी साठल्या तर कोळसा होतो.

तेल व्हायला किती तापमान लागते? आणि दाब?

ढोबळमानाने ६० ते १२० अंश सेल्सियसच्या दरम्यान केरोजेनमधले मोठे रेणू तुटू लागतात आणि द्रव तेल सुटते. काही केरोजेनमध्ये ही मर्यादा १५० अंशांपर्यंत जाते. या पट्ट्याला तेलाची खिडकी म्हणतात. पृथ्वीच्या कवचात खाली जाताना दर किलोमीटरला तापमान सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढते, म्हणून ही खिडकी बहुतेक ठिकाणी दोन ते चार किलोमीटर खोलीवर येते. जिथे कवच जास्त गरम आहे तिथे ती वर सरकते, थंड असेल तिथे खाली.

लोक दाबाला फार महत्त्व देतात. पण रेणू तोडण्याचे काम तापमानाचे असते आणि त्यात दाबाचा वाटा थोडा. दाबाचे खरे काम पुढे येते, तयार झालेले तेल खडकाबाहेर ढकलण्यात.

तापमान आणि काळ काही प्रमाणात एकमेकांची जागा घेऊ शकतात. प्रयोगशाळेत स्रोत खडकाचे तुकडे पाण्यासह बंद भांड्यात ३०० अंशांहून अधिक तापवले, तर काही दिवसांत तेलासारखा द्रव निघतो. निसर्गात हेच शंभर अंशांच्या आसपास घडते आणि त्याला लक्षावधी ते कोट्यवधी वर्षे लागतात. मात्र खडक पुरेसा तापलाच नाही, तर कितीही काळ गेला तरी उपयोग नाही.

किमरिज क्ले हा सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा काळा शेल पाहिला की ही गोष्ट पटते. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर तो उघड्यावर दिसतो, सेंद्रिय पदार्थाने भरलेला पण कच्चा. तो कधी पुरेसा खोल गेलाच नाही. हाच थर उत्तर समुद्राखाली तीन किलोमीटरहून जास्त खोल दबला, तापला आणि त्यातून ब्रेंट व फोर्टीजसारख्या मोठ्या क्षेत्रांचे तेल आले. खडक तोच, वयही तेच, फरक फक्त तापमानाचा. अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हर थरांचीही अशीच गोष्ट आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरांत साठलेले ते केरोजेन बहुतांशी अजून तेलात बदललेले नाही.

नैसर्गिक वायू तेलाबरोबरच बनतो की वेगळा?

दोन्ही. वायू तयार होण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट उथळ खोलीवरची. तिथे आर्किया गटातले सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थापासून मिथेन बनवतात. दलदलीतून बुडबुडे येतात ते याच मिथेनचे. गाळात सुमारे ८० अंश तापमानापर्यंत हे काम चालू शकते. या वाटेने बनलेला वायू जवळजवळ शुद्ध मिथेन असतो.

दुसरी वाट केरोजेनच्या तापण्याची. तेल सुटते तेव्हा थोडा वायूही सुटतो, आणि लाकडी केरोजेन असेल तर मुख्यतः वायूच. या वायूत मिथेनबरोबर इथेन, प्रोपेन, ब्युटेन असतात.

तिसऱ्या वाटेने तयार तेलच तुटून वायू होतो. तेल आणखी खोल गेले आणि तापमान १५० अंशांच्या पुढे गेले की लांब साखळ्या तुटत जातात आणि शेवटी मिथेन उरतो. मिथेनमध्ये एका कार्बनमागे चार हायड्रोजन असतात, तेलात त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा जास्तीचा हायड्रोजन कुठून तरी यायला हवा, म्हणून उरलेला भाग हायड्रोजन गमावून जवळजवळ निव्वळ कार्बनचा काळा, घट्ट अवशेष होतो. त्यामुळेच फार खोल खणले तर तेल नाही, वायूच मिळण्याची शक्यता जास्त.

वायू कोणत्या वाटेने आला ते कार्बनच्या समस्थानिकांवरून कळते. सूक्ष्मजीवांना हलका कार्बन-१२ वापरणे सोपे जाते, म्हणून त्यांनी बनवलेल्या मिथेनमध्ये कार्बन-१३ बराच कमी सापडतो.

काही वायूसाठ्यांत हेलियम कसा येतो?

तो सेंद्रिय पदार्थातून येत नाही. खडकांतले युरेनियम आणि थोरियम किरणोत्सर्गाने हळूहळू विघटित होतात तेव्हा हेलियम तयार होतो, आणि ज्या झाकणाखाली वायू अडकतो त्याच झाकणाखाली कधीकधी तोही अडकतो.

तेल जिथे बनते तिथेच सापडते का?

सहसा नाही. केरोजेनचे तेल आणि वायू होताना आकारमान वाढते, बंद छिद्रांतला दाब चढतो आणि स्रोत खडकात बारीक भेगा पडतात. त्यांतून थोडे तेल शेजारच्या सच्छिद्र थरात जाते. जमिनीखालच्या खडकांची छिद्रे मुळातच खाऱ्या पाण्याने भरलेली असतात. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते त्या पाण्यातून वर सरकू लागते, सरळ वर किंवा तिरक्या थराच्या चढाने. हा प्रवास काही मीटरांचा असू शकतो, तसाच शंभर किलोमीटरहून लांबचाही.

जमिनीखाली तेलाची तळी असतात का?

नसतात. तेल खडकाच्या कणांमधल्या बारीक छिद्रांत असते, भिजवलेल्या विटेत पाणी असते तसे. चांगल्या साठवण खडकात, म्हणजे वालुकाश्मात किंवा चुनखडकात, साधारण १० ते २५ टक्के जागा छिद्रांची असते. ती छिद्रे एकमेकांना जोडलेलीही असावी लागतात, नाहीतर आतले तेल हलत नाही.

सौदी अरेबियातले घवार हे जगातले सर्वांत मोठे पारंपरिक तेलक्षेत्र. ते सुमारे २८० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद आहे. एवढे तेल जुरासिक काळातल्या चुनखडकाच्या छिद्रांत साठले आहे.

वर निघालेले तेल मध्येच थांबते कशाने?

बहुतेक वेळा थांबतच नाही. ते पृष्ठभागापर्यंत येते, हवेत उडून जाते, सूक्ष्मजीव त्याला खातात किंवा त्याचे डांबर होते. इराकमध्ये किर्कुकजवळच्या बाबा गुरगुर इथल्या ज्वाला आणि लॉस एंजेलिसमधले ला ब्रेआचे डांबराचे खड्डे ही अशा गळतीची ठिकाणे आहेत.

थांबायचे तर दोन गोष्टी हव्यात. एक झाकण खडक, म्हणजे शेल, मीठ किंवा अ‍ॅनहायड्राइटसारखा थर. त्याची पाण्याने भरलेली छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की तेलाच्या थेंबाला त्यांत शिरायला फार मोठा दाब लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे सापळ्याचा आकार. थर कमानीसारखे वाकलेले असतील तर कमानीच्या माथ्याशी वायू, त्याखाली तेल आणि तळाला पाणी अशी रचना होते. भूभंगाने, म्हणजे खडक तुटून सरकल्याने, सच्छिद्र थर अभेद्य थरासमोर आला तरी सापळा होतो. मिठाचा थर हलका आणि लवचीक असल्याने घुमटासारखा वर चढतो आणि आजूबाजूचे थर उचलतो. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप इथे तेलाचा प्रचंड फवारा उडाला, तो अशाच मिठाच्या घुमटावर.

हे सगळे असूनही विहीर कोरडी का निघते?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न. स्रोत खडक, तापमान, साठवण खडक, झाकण, सापळा हे सगळे असले तरी पुरत नाही, कारण वेळ जुळावी लागते. थर वाकून सापळा तयार होण्याआधीच तेल निघून गेले असेल, तर सापळा कितीही सुबक असो, त्यात पाणीच भरलेले मिळते. नकाशावर दोन सापळे अगदी सारखे दिसतात आणि एकात तेल, दुसऱ्यात पाणी, असे यामुळेच होते.

तेल साठल्यानंतरही ते टिकायला हवे. पुढच्या कोट्यवधी वर्षांत थर कलतात, नवे भूभंग झाकण फोडतात, वरचे खडक झिजून जातात. अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात १९८३ साली मुकलुक नावाची विहीर खणली गेली. रचना भव्य होती, अपेक्षा त्याहून भव्य, आणि एकूण खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. खडकात तेलाचे डाग सापडले, पण तेल नव्हते. ते तिथे कधीकाळी होते आणि निसटून गेले होते.

शेल तेल आणि शेल वायू यांचे काय वेगळेपण आहे?

तिथे स्थलांतराचा, म्हणजे तेल स्रोत खडकातून निघून दुसरीकडे सरकण्याचा, टप्पाच गाळलेला असतो. स्रोत खडकातून बाहेर न पडलेले तेल-वायू थेट त्याच खडकातून काढतात. त्यासाठी आडवी विहीर खणून, पाण्याच्या प्रचंड दाबाने खडक फोडून वाट करून द्यावी लागते. बाकेन आणि मार्सेलस हे अमेरिकेतले थर असेच आहेत.

काही तेल पातळ आणि काही डांबरासारखे घट्ट का असते?

मुख्य कारण सूक्ष्मजीव. साठा उथळ असेल आणि तापमान सुमारे ८० अंशांखाली असेल, तर ते तेलातले हलके घटक आधी खातात आणि जड, चिकट भाग मागे ठेवतात. कॅनडातल्या अथाबास्काच्या डांबरी वाळूत हेच मोठ्या प्रमाणावर घडले आहे. साठा खोल आणि गरम असेल तर सूक्ष्मजीव जगत नाहीत आणि तेल हलके राहते.

सजीवांशिवाय तेल बनू शकते, असेही म्हणतात. ते खरे आहे का?

मिथेनपुरते हो. १८७७ मध्ये मेंडेलेव्ह यांनी खोलवरच्या धातूंच्या कार्बाइडवर पाण्याची क्रिया होऊन तेल बनते अशी कल्पना मांडली होती. तिचे वेगळे रूप विसाव्या शतकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आणि नंतर खगोलभौतिकशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी पुढे नेले. गोल्ड यांच्या कल्पनेची परीक्षा म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनमधल्या सिल्यान या उल्कापाताने झालेल्या विवरात ग्रॅनाइटमध्ये ६ किलोमीटरहून खोल विहीर खणली गेली. व्यापारी उत्पादनाजोगे काही मिळाले नाही.

अटलांटिकच्या तळावरच्या लॉस्ट सिटी या उष्णजलक्षेत्रात पाणी आणि खडक यांच्या क्रियेतून सजीवांशिवाय मिथेन बनतो. शनीच्या टायटन या चंद्रावर तर मिथेन-इथेनची सरोवरे आहेत. पण पृथ्वीवरच्या ज्ञात तेलसाठ्यांवर जैवखुणांची छाप इतकी स्पष्ट आहे की त्यांच्यासाठी वेगळे स्पष्टीकरण शोधायची गरज पडत नाही. ग्रॅनाइटमध्ये तेल सापडते हा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. व्हिएतनामच्या बाख हो क्षेत्रात ते सापडतेच. मात्र तिथे ते शेजारच्या सरोवरी शेलमधून ग्रॅनाइटच्या भेगांत आले आहे.

तेल बनायला कमीत कमी किती वेळ लागतो?

उष्णता पुरेशी असेल तर आश्चर्य वाटावे इतका कमी. कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या ग्वायमास खोऱ्यात समुद्रतळाखालचे गरम पाणी कोवळ्या गाळाला तापवते, आणि तिथल्या तेलाचे वय काही हजार वर्षांचेच निघाले आहे. दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातल्या अब्जाहून अधिक वर्षे जुन्या खडकांतही तेलाचे अंश टिकून आहेत.

म्हणजे तेल आजही तयार होत आहे. मग साठे पुन्हा भरतील का?

तयार होत आहे, पण आपल्या उपयोगाच्या वेगाने नाही. जग दिवसाला सुमारे १० कोटी बॅरल तेल वापरते, आणि एका बॅरलमध्ये जवळपास १५९ लिटर असतात. २००३ साली परिसंस्थाशास्त्रज्ञ जेफ्री ड्यूक्स यांनी वाटेतली सगळी नासाडी धरून हिशेब मांडला. एक अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पेट्रोलमागे अंदाजे ८९ टन प्राचीन सेंद्रिय पदार्थ खर्ची पडला असे त्यातून निघाले. हा अंदाज आहे, पण किती कमी पदार्थ शेवटपर्यंत पोहोचतो ते त्यातून दिसते.

मेक्सिकोच्या आखातातल्या युजीन आयलंड क्षेत्रात उत्पादन घटल्यावर पुन्हा वाढल्याचे दिसले होते, आणि त्यावरून साठे आपोआप भरतात असा प्रचार झाला. तिथे खोलवर आधीच तयार असलेले तेल भूभंगाच्या वाटेने वर येत होते.

तेल आणि वायू काढल्यावर खाली पोकळी राहते का?

मोठी पोकळी राहत नाही. छिद्रांत आजूबाजूचे पाणी शिरते किंवा मुद्दाम सोडले जाते. मात्र छिद्रांतला दाब घटला की वरच्या थरांचा भार खडकाच्या कणांवर येतो आणि मऊ खडक दबतो. कॅलिफोर्नियातल्या विल्मिंग्टन क्षेत्रावर लाँग बीचची जमीन काही ठिकाणी सुमारे ९ मीटर खचली. पाणी भरायला सुरुवात झाल्यावरच ते थांबले. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन या प्रचंड वायूक्षेत्राचा शोध १९५९ साली लागला. तिथे दाब कमी होत गेल्याने भूकंप होऊ लागले. २०१२ साली ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, त्यानंतर उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी केले गेले आणि २०२४ साली ते क्षेत्र कायमचे बंद करण्यात आले, वायू शिल्लक असतानाच.